टँकरचा प्रश्न वर्गात आणताना: शाश्वत विकास शिकवण्याची सत्रभराची आखणी

पदवीच्या वर्गात शाश्वत विकासाची व्याख्या विचारली, तर बरीच मुले ती बिनचूक सांगतात. भावी पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणारा विकास, ही १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाची व्याख्या त्यांना पाठ असते आणि २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेली १७ उद्दिष्टेही काही जण क्रमाने म्हणून दाखवतात. त्याच मुलांना विचारावे की वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात मार्चपासून टँकर का लागतो, तर उत्तर येते, "पाऊस कमी पडतो म्हणून." हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे कोणत्याही एका विषयाच्या प्राध्यापकाला एकट्याने पुरते दाखवता येत नाही. म्हणून अनेक विषयांचे विद्यार्थी व शिक्षक एकत्र बसवून, एका खऱ्या प्रश्नाभोवती संपूर्ण सत्र उभे करण्याची पद्धत येथे टप्प्याटप्प्याने मांडली आहे. दुष्काळी पट्ट्यातील भूजलाचा प्रश्न उदाहरणासाठी घेतला आहे, कारण मी तोच शिकवला आहे आणि त्यात मी पुरेशा चुकाही केल्या आहेत.

समस्याधारित अध्ययन ही काही नवी गोष्ट नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने १९६९ मध्ये ते सुरू केले; तेथे शरीररचना आधी आणि रुग्ण नंतर, हा क्रम उलटा करण्यात आला. पुढे नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टने त्याच्या सात पायऱ्या ठरवल्या, तर डेन्मार्कमध्ये १९७४ साली स्थापन झालेल्या आल्बोर्ग विद्यापीठाने अभियांत्रिकीसह सगळे शिक्षणच समस्या आणि प्रकल्प यांच्या पायावर उभारले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशापासून सुरू झालेल्या प्रक्रियेतून सर्व शाखांना पर्यावरण अभ्यास सक्तीचा झाला खरा, पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या पहिल्या अभ्यासक्रमात पन्नास तासिकांपैकी क्षेत्रकार्याच्या वाट्याला जेमतेम पाच आल्या होत्या. आखणी करताना हे प्रमाण उलटे करायचे, एवढे सुरुवातीलाच मनाशी ठरवावे.

शिक्षकांची मोट

चार श्रेयांकांचा विषय मिळवावा: एक श्रेयांक व्याख्यानाचा म्हणजे पंधरा तास, आणि तीन क्षेत्रकार्याचे म्हणजे नव्वद तास. विद्यार्थी चोवीस ते तीस असावेत आणि सहा-सहांच्या गटात भूगोल किंवा भूशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, स्थापत्य वा कृषी आणि शक्य असल्यास विधी अशा निरनिराळ्या शाखांची मुले असावीत. शिक्षक निदान चार लागतात.

पहिल्या वर्षी आम्ही आठवडे वाटून घेतले होते. भूगोलाच्या सरांनी तीन आठवडे पाणलोट शिकवले, मी तीन आठवडे अर्थशास्त्र शिकवले, आणि सत्राच्या शेवटी प्रत्येक गटाने चार वेगवेगळे अहवाल एकाच स्पायरलमध्ये बांधून आणले. त्यात खडकाच्या प्रकरणाला पिकांच्या भावाचा पत्ता नव्हता आणि भावाच्या प्रकरणाला खडकाचा. दोष मुलांचा नव्हता, आम्हीच त्यांना तसे वाटून दिले होते. तेव्हापासून प्रत्येक तासिकेला निदान दोन विषयांचे शिक्षक वर्गात हजर राहतील, असा नियम केला. एका शिक्षकाने दुसऱ्याला मुलांसमोर "हे मला कळले नाही, पुन्हा सांगा" असे म्हणणे हा या पद्धतीतला मोठा धडा असतो, आणि तो आपल्या प्राध्यापकमंडळींना मुलांपेक्षा जड जातो.

प्रश्न कसा लिहावा

सगळी मदार या टप्प्यावर आहे, म्हणून सत्र सुरू होण्यापूर्वीचा एक महिना त्याला द्यावा. "जलसंधारणाचे महत्त्व स्पष्ट करा" हा प्रश्न नव्हे, निबंधाचा विषय आहे. "गावासाठी पाणी व्यवस्थापनाचा आराखडा तयार करा" हाही चालत नाही, कारण त्यात कोणाचे कोणाशी अडलेले आहे ते दिसत नाही आणि मुले इंटरनेटवरून ठिबक सिंचनाची चित्रे आणून मोकळी होतात. प्रश्नात निर्णय घेणारी व्यक्ती असावी, त्या निर्णयाला तारीख असावी, प्रत्येकाच्या बाजूने पाहिले तर प्रत्येकाचे म्हणणे रास्त वाटावे, आणि एका विषयाच्या ज्ञानावर तो सुटू नये. आम्ही वापरतो तो मजकूर असा आहे:

"गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर, लोकसंख्या २,०००, सरासरी पाऊस ५०० मिलिमीटर. गेल्या काही वर्षांत गावात प्लास्टिकचे अस्तर टाकलेली ६० शेततळी झाली. डाळिंबाच्या बागा वाढल्या, काही घरांवर स्लॅब पडले. याच काळात गावाच्या पिण्याच्या विहिरीचे पाणी मेऐवजी मार्चमध्येच तळाला जाऊ लागले आणि टँकर सुरू झाला. आणखी २० शेतकऱ्यांना शेततळे हवे आहे. १ मेच्या ग्रामसभेत सरपंचांना यावर भूमिका मांडायची आहे. त्यांनी काय सांगावे?"

हे गाव काल्पनिक आहे आणि आकडे गणिताच्या सोयीसाठी गोल केलेले आहेत. ते मुलांना तसे सांगावे. त्यातली गुंतागुंत मात्र खरी आहे. शेततळे ही कल्पना मुळात वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवण्याची. अस्तर टाकलेले तळे जेव्हा विहिरी-बोअरच्या पाण्याने भरले जाते, तेव्हा ते पाणी साठवत नसते, तर सर्वांच्या मालकीच्या खडकातले पाणी उपसून एकाच्या मालकीच्या तळ्यात आणून ठेवत असते. बाग वाचवू पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने यात गैर काहीच नाही. शेजारी उपसणार हे माहीत असताना आपण थांबलो तर आपलेच नुकसान, हा त्याचा हिशेब अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात बसतो.

एक सावधगिरी: हिवरे बाजारची चित्रफीत पहिल्या दिवशी दाखवू नये. यशकथा आधी कळली की मुले प्रश्न बाजूला ठेवून त्या उत्तराची नक्कल करू लागतात.

पहिले दोन आठवडे: फळा आणि गणित

पहिल्या तासिकेला मजकूर वाटावा आणि शिक्षकांनी शक्यतो गप्प बसावे. मास्ट्रिख्टच्या पायऱ्या येथे उपयोगी पडतात: न कळलेले शब्द विचारणे, प्रश्न नेमका काय ते ठरवणे, सुचेल ते स्पष्टीकरण मांडणे, त्याची जुळणी करणे, आणि आपल्याला काय माहीत नाही याची यादी करून ती शोधायला बाहेर पडणे, उरलेल्या दोन पायऱ्या म्हणजे स्वतंत्र अभ्यास आणि पुन्हा एकत्र बसून जुळवणी. फळ्याचे तीन भाग करून "माहीत आहे", "वाटते" आणि "शोधायचे आहे" असे मथळे द्यावेत. "पाऊस कमी पडतो" हे वाक्य कोणीतरी पहिल्या रकान्यात लिहिते. लिहू द्यावे.

दुसऱ्या तासिकेला खडू मुलांच्याच हाती देऊन गणित करून घ्यावे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. तेव्हा १,००० हेक्टरवर ५०० मिलिमीटर म्हणजे ५० लाख घनमीटर. आता पिण्याची गरज पाहू: जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले, तर २,००० लोकांना वर्षाला ४०,१५० घनमीटर पाणी लागते. पडलेल्या पावसाच्या ते एक टक्काही नाही. हा आकडा फळ्यावर उमटला की वर्ग शांत होतो आणि पहिल्या रकान्यातले ते वाक्य कोणीतरी स्वतःहून पुसून टाकते.

मग प्रश्न येतो, उरलेले पाणी गेले कुठे? महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली बेसाल्ट आहे. कठीण काळ्या पाषाणात पाणी भेगांतच मावते. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो सच्छिद्र थर लागला तर थोडे अधिक मिळते. पडलेल्या पावसाचा साधारण दहावा हिस्सा जमिनीत खोल मुरतो असे धरले तरी पाच लाख घनमीटर होतात. बाकीचे पाणी ओढ्याने वाहून जाते, हवेत उडते किंवा पिके आणि गवत पितात. तीस मीटर लांब, तितकेच रुंद आणि तीन मीटर खोल, उतरत्या बाजूंचे शेततळे सुमारे २,२०० घनमीटर पाणी धरते. अशी ६० तळी उपशाच्या पाण्याने एकदा भरली तर १ लाख ३२ हजार घनमीटर, म्हणजे मुरलेल्या पाण्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक आणि पिण्याच्या गरजेच्या तिपटीहून अधिक. एप्रिलमध्ये दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडते असे मानले, तर काठोकाठ भरलेल्या एका तळ्यातून रोज ७,२०० लिटर हवेत जातात. तेवढ्यात १३० माणसांची दिवसाची गरज भागते. ही आकडेमोड सातवीच्या गणिताची आहे, तरी ती मुलांनी स्वतः करायला हवी. शिक्षकाने तयार तक्ता दाखवला तर तो धक्का बसत नाही.

गावात जाण्याची तयारी

हा विषय जानेवारी ते एप्रिलच्या सत्रातच घ्यावा, कारण त्याच महिन्यांत विहिरी उतरत जातात आणि दोन फेऱ्यांमधला फरक डोळ्यांना दिसतो. महाविद्यालयापासून तासाभराच्या आत पोचता येईल असे गाव निवडावे आणि सरपंचांना आधी स्वतः जाऊन भेटावे. पत्र नंतर पाठवता येते. एका गावात आमच्या मुलांनी प्रश्नावली काढताच ओसरीवरच्या आजी म्हणाल्या, "मागल्या साली बी लिवून नेलं व्हतं. त्याचं काय झालं?" आमच्याआधी आणखी कोणते तरी महाविद्यालय येऊन गेले होते आणि त्यांचा अहवाल कोणीही परत आणून दिला नव्हता. त्या दिवशी आम्ही प्रश्नावली पिशवीत ठेवली आणि तेव्हापासून ऐंशी प्रश्नांचा छापील कागद कायमचा बंद केला.

मुलांनी जाण्यापूर्वी गोळा करायची कागदपत्रे मोजकी आहेत: गावाचा नकाशा, सातबारावरील पीकपाहणीच्या नोंदी, तालुक्याचे पर्जन्यमान आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी. ही यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा पातळी मोजते, त्यामुळे मुलांच्या मोजमापाला ताडून पाहण्याची सोय होते. पीकपाहणीतील नोंद आणि शिवारातले उभे पीक यांत तफावत आढळली तर ती चूक म्हणून खोडून टाकू देऊ नये. ती तफावत का आहे, याचा शोध हाच एका गटाचा अभ्यास होऊ शकतो.

शिवारफेरी आणि विहीर

पहिल्या फेरीत माथ्यापासून पायथ्यापर्यंत गावातील दोन जाणत्या माणसांबरोबर चालावे. मग बारा विहिरी निवडाव्यात: काही ओढ्याकाठच्या, काही माळावरच्या, एक पिण्याच्या पाण्याची. पातळी मोजायला वजन बांधलेला टेप पुरतो, पण तो कधी सोडायचा हे महत्त्वाचे. मोटर चालू असताना किंवा नुकती बंद झाल्यावर घेतलेले माप फसवे असते. रात्रपाळीची वीज असेल तर शेतकरी पहाटेपर्यंत दारे धरत असतो आणि सकाळी विहीर सावरलेली नसते. म्हणून मोटर शेवटची कधी चालली हे विचारून वहीत मापाशेजारीच लिहावे. कठड्याच्या ज्या जागेवरून टेप सोडला तेथे तेलरंगाने खूण करावी आणि त्या जागेची जमिनीपासूनची उंची वजा करावी. एका वर्षी आमच्या मुलांनी ही उंची वजा केली नाही आणि बांधीव कठड्याच्या विहिरी अख्ख्या गावात सर्वांत खोल गेलेल्या निघाल्या. बिनकठड्याच्या विहिरीवर एकट्या मुलाला कधीही पाठवू नये. तेथे शिक्षकाने स्वतः उभे राहावे.

माणसांशी बोलण्यातही अशीच मोजमापाची शिस्त लागते. मुले सवयीने पारावर जातात, तिथे पुरुष भेटतात आणि पुरुष बोअरबद्दल बोलतात: किती फुटांवर लागले, किती इंची पाणी आहे, पाणाड्याने कुठे नारळ उभा केला. एका वर्षी गटातल्या दोन मुली नळकोंडाळ्यावर जाऊन बसल्या आणि दुपारपर्यंत त्यांच्या वहीची पाने भरली. टँकरची वाट पाहण्यात कोणाची मजुरी बुडते, कोणती मुलगी त्या दिवसांत शाळेत जात नाही, हे तर कळलेच. पण खरी मेख पुढे होती. टँकरसाठी रांगेत उभ्या असलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणी त्याच डाळिंबाच्या बागांत छाटणी-तोडणीला जात होत्या. बागा कमी करा, असा निष्कर्ष काढून बसलेल्या गटाला त्यांनी विचारले, "मग आम्ही कामाला कुठं जायचं?" पर्यावरण, अर्थ आणि समाज हे शाश्वत विकासाचे तीन आधार म्हणून जे पुस्तकात सुटे छापलेले असते, ते त्या एका वाक्यात एकमेकांत अडकलेले मुलांना दिसले.

नैतिकतेचा एक नियम येथे अगदी काटेकोर पाळावा. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमानुसार ६० मीटरहून खोल विहिरी घेण्यावर निर्बंध आहेत, आणि सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला परवानगी लागते ही तरतूद तर १९९३ पासूनची आहे. मुलांना या दोन्ही गोष्टींच्या विरुद्ध बरेच काही दिसेल. विहिरींना क्रमांक द्यावेत, मालकांची नावे वहीत येऊ देऊ नयेत. आपण तपासणीला गेलेलो नाही.

एकच ताळेबंद

परत आल्यावर प्रत्येक गटाने गावाचा एकच जमाखर्च मांडायचा. जमेला पाऊस आणि मुरलेले पाणी. खर्चाला माणसे, जनावरे, पिके, बागा आणि बाष्पीभवन. अट अशी की तक्त्यातला प्रत्येक आकडा निदान दोन शाखांच्या विद्यार्थ्यांनी तपासून त्यापुढे सही केलेली असावी. डाळिंबाचे क्षेत्र कृषीच्या मुलाने दिले, तर त्याला लागणाऱ्या पाण्याचे गणित अर्थशास्त्राच्या मुलीला समजावून तिची सही घ्यायची. तिने मजुरीचे दिवस काढले, तर ते त्याला पटवून द्यायचे. आंतरविद्याशाखीय या जड शब्दाचा व्यवहारातला अर्थ मला या सह्यांपलीकडे फारसा सापडलेला नाही.

ताळेबंद पहिल्या झटक्यात जुळत नाही. खर्च जमेपेक्षा मोठा निघतो. येथे मुले दहा टक्के मुरणारे पाणी गुपचूप वीस टक्के करतात. असे करणारा गट दरवर्षी एक तरी असतो. त्यांना रागावण्याऐवजी विचारावे की वीस टक्के खरे असेल तर विहिरी उतरायला नकोत, मग तुमच्याच वहीतली जानेवारी आणि मार्चची मापे काय सांगतात? प्रत्येक अनिश्चित आकड्याची किमान आणि कमाल बाजू लिहायला लावावी, आणि निष्कर्ष दोन्ही टोकांना टिकतो का ते पाहावे.

तोडगा आणि त्याची किंमत

नवव्या आठवड्यात, ताळेबंद हाती असताना, इतरांनी काय केले हे वाचायला द्यावे. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी उभी केलेली पाणी पंचायत येथे फार मोलाची ठरते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर द्यायचे, भूमिहीनांनाही हक्क ठेवायचा आणि उसाला पाणी द्यायचे नाही, हे तिचे नियम वाचल्यावर वर्गात खरा वाद पेटतो. मग हिवरे बाजार घ्यावे: पोपटराव पवार सरपंच असताना तेथे सुरू झालेला दरवर्षीचा पाण्याचा ताळेबंद आणि शेतीसाठी बोअर घेण्यावरची बंदी. ही बंदी गावाने कशी मान्य केली असेल आणि कोणाला ती महाग पडली असेल, हे मुलांनी शोधायचे.

त्यानंतर प्रत्येक गटाने तीन पर्याय मांडावेत आणि प्रत्येकापुढे एक रकाना सक्तीचा ठेवावा: "यात कोणाचे नुकसान होते, आणि ते त्याला कोण सांगणार?" हा रकाना रिकामा असलेला पर्याय आम्ही परत करतो. सर्वांचाच फायदा होतो असे लिहिणाऱ्या गटाने सहसा शिवारात पुरेसा वेळ घालवलेला नसतो. नवी तळी फक्त ओढ्याच्या वाहत्या पाण्याने भरायची, ही अट बरेच गट सुचवतात. ती रात्री दोन वाजता कोण तपासणार, या प्रश्नाला त्यांनी लेखी उत्तर द्यावे लागते.

गुण

ताळेबंद आणि गट अहवालाला ३०, वैयक्तिक तोंडी परीक्षेला ३०, क्षेत्रवहीला २० आणि ग्रामसभेपुढील मांडणीला २० अशी विभागणी आम्हाला मानवली. तोंडी परीक्षेत मुलाला त्याच्या स्वतःच्या शाखेबाहेरचा आकडा विचारावा. भूशास्त्राच्या मुलीने मजुरीचा हिशेब सांगावा. परीक्षा विभागाशी मात्र आधीच बोलून ठेवावे. आमची पहिल्या वर्षीची गुणपत्रिका "लेखी" हा रकाना रिकामा असल्यामुळे दोनदा परत आली होती.

१ मे

ग्रामसभेत अहवाल वाचून दाखवू नये. मुलांनी साध्या मराठीत एक पानाचा तक्ता न्यावा, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा आणि दहा मिनिटांत बोलणे आटोपावे. तीन पर्याय, प्रत्येकाचा फायदा आणि तोटा, एवढेच सांगायचे. निवड गावाची आहे. शेतकरी आकडे दुरुस्त करतील, कारण कोणते तळे यंदा कोरडे राहिले हे त्यांना ठाऊक असते, आणि ती दुरुस्ती मुलांनी तिथल्या तिथे सर्वांदेखत पेनाने तक्त्यावर करावी. आमच्या एका वर्षीच्या सभेत तळ्यांबाबत काहीच ठरले नाही. मात्र पिण्याच्या विहिरीची पातळी दर महिन्याला फळ्यावर लिहायची, एवढे शाळेच्या गुरुजींनी अंगावर घेतले.

विहिरींची मापे, खुणांचा नकाशा आणि दुरुस्त केलेला तक्ता यांची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक विभागात ठेवावी. पुढच्या जानेवारीत नवी तुकडी त्याच बारा कठड्यांवरची तेलरंगाची खूण शोधून, तिथूनच टेप खाली सोडेल.